उद्दिष्ट, रेझ्युमेतील (शाखाबदलाच्या संदर्भात)

रेझ्युमेच्या आरंभी, नाव-पत्त्याच्या लगेच खाली येणारा दोन-तीन ओळींचा मजकूर. उमेदवार कोण, तो कोणते काम मागतो आणि आजवरच्या अनुभवातले त्या कामी काय येईल, एवढे त्यात यावे अशी अपेक्षा असते. प्रस्तुत नोंद कामाच्या एका शाखेतून (क्षेत्रातून) दुसऱ्या शाखेत जाणाऱ्यांच्या उद्दिष्टापुरती, मुख्यतः कोकण किनारपट्टीच्या संदर्भात आहे.

उगम : लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्त्सा याला उद्देशून तयार केलेला अर्ज हा जगातला पहिला रेझ्युमे, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. त्याचा मसुदा मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयातील ‘कोदेक्स आत्लांतिकस’ या संग्रहात आहे. मसुद्यावर तारीख नाही. तो सामान्यतः १४८२ च्या सुमाराचा मानतात. काही अभ्यासक त्याला दोन-तीन वर्षे पुढे नेतात. लिओनार्दो उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखे लिहीत असे. हा मजकूर मात्र नेहमीच्या दिशेने लिहिलेला असल्याने तो लेखनिकाच्या हातचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्ज प्रत्यक्षात पोहोचल्याचा पुरावा नाही.

शाखाबदलाच्या दृष्टीने या मसुद्याचे महत्त्व वेगळेच आहे. फ्लॉरेन्सचा चित्रकार-शिल्पकार वेरोक्क्यो याच्या कार्यशाळेत तयार झालेला हा चित्रकार येथे हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने, झाकलेले रथ यांची जंत्री आधी देतो. शांततेच्या काळातील वास्तुरचना दहाव्या कलमात येते आणि शिल्प व चित्रकला त्याही नंतर. मालकाची गरज आधी, स्वतःची ओळख मागाहून, हा क्रम आजही उपयोगी ठरतो. मात्र चित्रकाराने तोफा कुठे हाताळल्या याचा खुलासा मसुद्यात नाही. आजचा मुलाखतकार पहिला प्रश्न तोच विचारील. एकूण पाहता त्याला रेझ्युमे न म्हणता अर्ज म्हणणे सयुक्तिक. ‘उद्दिष्ट’ हे स्वतंत्र शीर्षक विसाव्या शतकातील अमेरिकी नोकरीव्यवहारात रूढ झालेले दिसते.

उपयुक्ततेचा वाद : अलीकडे बरेच सल्लागार उद्दिष्टाऐवजी अनुभवाचा सारांश देण्याच्या बाजूने आहेत. उमेदवाराला काय हवे यात मालकाला रस नसतो, हा त्यांचा मुद्दा. एकाच शाखेत पुढे जाणाऱ्यांना तो लागू पडतो. फ्रेशर आणि शाखा बदलणारे यांच्या बाबतीत मात्र उद्दिष्ट राखावे, हे मत जास्त पटणारे आहे. कारण त्यांचा सारांश जुन्या कामाकडे बोट दाखवतो आणि अर्ज असतो नव्या कामाचा.

कोकणातील रूप : येथील रेझ्युमेवर बायोडेटाची छाप अजून आहे. वडिलांचे नाव, जन्मतारीख, कधी कधी जातसुद्धा, आणि तळाशी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र. (लग्नाचा आणि नोकरीचा बायोडेटा एकाच फाइलीतून निघाल्याची शंका यावी इतके साम्य असते.) उद्दिष्ट बहुधा इंग्रजीत आणि सायबर कॅफेतल्या तयार साच्यातून उतरवलेले असते : ‘चॅलेंजिंग’ वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे. शाखा बदलणाऱ्याचे यात सर्वाधिक नुकसान होते.

जनरल वॉर्डात काम केलेली जीएनएम (परिचर्या व प्रसूतीविद्या पदविका) परिचारिका डायलिसिस युनिटसाठी अर्ज करते, हे उदाहरण घेता येईल. ‘डायलिसिस क्षेत्रात करिअर करण्याची इच्छा’ एवढ्याने काही साधत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘जनरल वॉर्डात मूत्रपिंडाच्या रुग्णांचे इनटेक-आउटपुट आणि रोजचे वजन नोंदवण्याचा, फिस्टुला असलेल्या हातावर बीपी न घेण्यासारखी काळजी पाळण्याचा अनुभव. डायलिसिस मशीन स्वतंत्रपणे चालवलेले नाही. युनिटमध्ये प्रशिक्षण घेऊन स्टाफ नर्स म्हणून काम करण्यास इच्छुक.’ (फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी.) न केलेल्या कामाचा उल्लेख वगळावा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो येथे स्वीकारण्याजोगा नाही. मशीनपाशी उभे केल्यावर पाच मिनिटांत सगळे उघड होते.

जहाजावरून किनाऱ्यावर परतणाऱ्यांचा प्रश्न याच जातीचा. रीफर (शीतकरण असलेल्या) कंटेनरांची देखभाल केलेला मोटरमन, म्हणजे जहाजाच्या इंजिन विभागातला कामगार, मासळी-प्रक्रिया कारखान्यातील शीतकरण विभागात जाऊ पाहतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, डिफ्रॉस्ट हे ज्ञान तेथे कामी येते. मात्र मोठ्या शीतगृहांत अमोनिया वापरण्याचा प्रघात आहे आणि त्याची गळती, मुखवटे, बचावाचे नियम वेगळे आहेत. उद्दिष्टात सीडीसी (खलाशाच्या सेवानोंदीची पुस्तिका) क्रमांकापेक्षा ही बाब आधी यावी.

सरळसेवा भरतीच्या ठरावीक अर्जांत उद्दिष्टाला रकाना नसतो. होमस्टे, बागा व मासेमारी नौकांवरील नोकऱ्या ओळखीवर आणि फोनवर ठरतात. तेथे रेझ्युमे क्वचितच मागतात.