पाऊस सरला तरी भिंत ओली का?

गेल्या ऑक्टोबरात हर्णैजवळच्या एका कोळीवाड्यात गेलो होतो. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. तरीही तिथल्या एका काकींच्या घरातल्या मागच्या भिंतीला हात टेकला, तर तळवा ओला झाला. जोत्यापासून कमरेपर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटलेले, वर पांढरा खार. रेशनच्या तांदळाचं पिंप भिंतीपासून वीतभर लांब ओढलेलं. "पावसाळा सरला, पण हिचा सरत नाय," म्हणत काकींनी ओल्या फडक्याने खार पुसून काढला. रोजचंच काम ते. कुणीतरी त्यांना वास्तुदोष सांगून शांतीचा खर्चही काढून दिला होता. दोष आहे खरा, पण तो दिशेचा नाही, मिठाचा!

आपला चिरा म्हणजे जांभा दगड, बारीक छिद्रांनी भरलेला. अशा छिद्रांतून पाणी आपोआप वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. छिद्र जितकं अरुंद, तितकी चढाई उंच. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी जवळजवळ दीड मीटर चढू शकतं. भिंतीत मात्र जितकं पाणी वर येतं तितकंच पृष्ठभागावरून उडून जातं, तिथेच त्याची चढाई थांबते. म्हणून ओलीवर सिमेंटचा जाड गिलावा मारला, की उडायची वाट बंद होते आणि पाणी आणखी वर सरकतं. काकींच्या घरात तेच झालं होतं. आधी गुडघ्याएवढी असलेली ओल दुरुस्तीनंतर कमरेला आली.

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ते जमिनीतून येतं, वाऱ्यासोबतच्या खाऱ्या तुषारांतून येतं, आणि खाडीची रेती न धुता वापरली असेल तर गिलाव्यातच असतं. आता गंमत पाहा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली, की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. जुलैत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते यामुळेच. किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या पहाटेही हवा हा आकडा सहज ओलांडते, मग पाऊस नसतानाही भिंत भिजते. दुपारी हवा कोरडी झाली की मिठाचे स्फटिक पुन्हा तयार होतात आणि छिद्राच्या भिंती आतून रेटतात. विरघळणं, स्फटिक होणं, रेटणं असं रोज चाललं, की गिलावा भुगा होऊन गळतो. 'ओलरोधक' रंगाचा डबा यापुढे काय करणार? रंगाचाही पोपडा निघतो, एवढंच.

खरा उपाय जोत्यावर, पहिला चिरा बसवण्याआधी, पाणी अडवणारा थर घालणं. पण केंद्राच्या ग्रामीण घरकुल योजनेचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, आणि त्यात किमान २५ चौरस मीटरचं घर उभं करायचं. पैसे कमी पडले की जे डोळ्यांना दिसत नाही तेच आधी गाळलं जातं. ओलीबरोबर बुरशी येते, आणि दमा-खोकल्याशी तिचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच मांडला आहे. काकींची नातवंडं याच भिंतीला लागून निजतात.

उभ्या भिंतीत आता तो थर घालणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. म्हणून एवढंच सांगितलं, "काकी, खार ओल्या फडक्याने पुसू नका. तो विरघळून परत आत जातो. ऊन असताना कोरड्या कुंच्याने झाडा, सुपलीत भरा आणि घरापासून लांब टाका."

त्यांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "म्हंजे इतकी वर्षं मी भिंतीला मीठच चारत होते?"