विद्यापीठाच्या आवारात शेतकरी बाजार: परवानगी कोणाची, कागद कोणते, अर्ज कसा

विद्यापीठात शेतकरी बाजार भरवायचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "बाजार समितीचं लायसन लागेल ना?" नाही लागत. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल थेट घरच्या वापरासाठी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विकला, तर राज्याच्या १९६३ च्या पणन कायद्यातच त्याला मोकळीक आहे. शिवाय जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेरच्या नियमनातून काढला गेला. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं आणि मुंबईत थेट विधानभवनाच्या आवारात भाजीचे गाळे लागले. विद्यापीठाचं आवार त्याहून अवघड नाही. अडचण येते ती गेटवर आणि फायलीत.

अर्ज कोणी करायचा

पंचवीस शेतकऱ्यांचे पंचवीस अर्ज घेऊन गेलात तर फाईल हलणार नाही. विद्यापीठाला एक जबाबदार नाव हवं असतं. नोंदणीकृत शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी हे सगळ्यात सोपं. कंपनी कायद्याखाली किमान १० उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी उभी राहते. अशी संस्था हाताशी नसेल तर पणन मंडळाच्या विभागीय कार्यालयात विचारा, जवळपासचे गट त्यांना ठाऊक असतात.

बाहेरच्या संस्थेला आतला एक हातही लागतो. राष्ट्रीय सेवा योजना, विद्यार्थी विकास विभाग किंवा एखादा शैक्षणिक विभाग 'आमचा उपक्रम' म्हणून प्रस्ताव पुढे पाठवतो, तेव्हा तोच कागद वेगळ्या नजरेने वाचला जातो.

अर्ज कुलसचिवांच्या नावे करायचा. तिथून तो मालमत्ता विभाग, सुरक्षा आणि वित्त व लेखा अशी फेरी मारून कुलगुरूंकडे जातो. वर्षभराचा करार आणि जागेचं भाडं असं काही असेल, तर विषय व्यवस्थापन परिषदेपुढे जाण्याची तयारी ठेवा. परिषदेची बैठक काही दर आठवड्याला होत नाही. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या अर्जात चार आठवड्यांची प्रायोगिक परवानगी मागा. ती बहुधा कुलगुरूंच्या पातळीवर मिळून जाते आणि पुढच्या फायलीला दाखवायला अनुभव असतो. संलग्न महाविद्यालयात हेच काम प्राचार्य आणि संस्थेचं व्यवस्थापन करतं. कृषी विद्यापीठांचा कायदा वेगळा, १९८३ चा. तिथे विस्तार शिक्षण विभागाचं दार आधी ठोठवा.

अर्जासोबत काय जोडायचं

संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव, सहभागी शेतकऱ्यांची यादी. एवढं सगळेच जोडतात. सुरक्षा विभागाला हवा असतो तो नकाशा, आणि तो कोणी जोडत नाही. आवाराचा साधा आराखडा घ्या, त्यावर गाळ्यांची जागा, गाड्या कुठल्या गेटने येणार, छोटा हत्ती (मालाचा लहान टेम्पो) कुठे उभा राहणार, माल उतरवून किती वाजेपर्यंत बाहेर पडणार, हे हाताने काढा. गाड्यांचे नंबर आणि चालकांची नावं आदल्या दिवशी कळवू, असं एक वाक्य लिहा. फाईल परत येण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

वेळ ठरवताना वसतिगृहातल्या मुलांकडे बघू नका. मेथीची जुडी घेऊन ती करणार काय? ती केळी, पेरू, काकडी, उकडायच्या शेंगा घेतात. आठवड्याची भाजी भरतात ते कर्मचारी निवासातले लोक आणि संध्याकाळी कार्यालयातून सुटणारे. म्हणून दुपारी चार ते साडेसात ही वेळ सकाळपेक्षा चांगली.

शेतकरी कोण, हे कसं ओळखायचं

कुठल्याही शेतकरी बाजाराचा जीव इथे असतो. दोन-तीन महिन्यांत पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून 'शेतातून थेट' अशी पाटी लावणारे शिरतात.

प्रत्येकाकडून आधार, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा) आणि चालू सातबारा घ्या. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो, जुनी झेरॉक्स चालवून घेऊ नका. सातबारा हातात आला की सगळे मालकाचं नाव वाचतात. तुम्ही खाली या, गाव नमुना बाराचा पिकांचा तक्ता बघा. ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतकरी मोबाईलवरून करतो त्या पीक नोंदणीत, नोंदवलेलं पीक तिथे दिसतं. तक्त्यात सगळ्या क्षेत्रावर ऊस आणि समोर टोमॅटोचे वीस कॅरेट असतील, तर विचारायला हवं. उत्तर सरळही असू शकतं: उसात आंतरपीक असेल, पाहणी करायची राहिली असेल. मग एकदा शेतावर जाऊन या.

नुसत्या सातबाऱ्यावर अडून बसलात तर खरे कष्टकरीच बाहेर राहतात. खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नसतं. बाईचं तर बहुतेकदा नसतंच, जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते आणि बाजारात टोपली घेऊन तीच बसते. अशांसाठी खातेदाराचं संमतीपत्र आणि गावच्या तलाठ्याचा (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा कृषी सहायकाचा (आता सहायक कृषी अधिकारी) दाखला पुरेसा धरा, आणि हे नियमावलीतच लिहा. नाहीतर दर वेळी गेटवर वाद.

माल, काटा, पाटी

शेतकऱ्याने स्वतःचा ताजा भाजीपाला विकला तर त्याला अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागत नाही. त्याच्या हातातला नैसर्गिक स्वरूपातला शेतमाल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. बचत गटाचे पापड, मसाले, लोणचं, तूप मात्र कक्षेत येतं. त्यांची उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना हवा, आणि पाकिटावर त्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, वजन, पॅकिंगची तारीख, घटक छापलेले हवेत. पनीर, खवा असा थंड ठेवावा लागणारा माल पहिल्या महिन्यांत घेऊच नका.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी लागते. काट्यावरचं सील आणि प्रमाणपत्रावरची तारीख दोन्ही बघा. 'सेंद्रिय' अशी पाटी लावणाऱ्याकडे एनपीओपी (केंद्राची सेंद्रिय प्रमाणीकरण योजना) किंवा पीजीएसचं (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करून द्यायचं) प्रमाणपत्र मागा. नसेल तर त्याला 'घरचं खत, फवारणी नाही' असं सांगू द्या, गिऱ्हाईक स्वतः प्रश्न विचारेल.

स्वतःचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. कंपनीच्या नावावर विक्री होत असेल तर हिशेब वेगळा, सीएला विचारा.

पिशव्यांचं आधीच स्पष्ट करा. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पहिला दंड ५,००० रुपये.

करारात काय असावं

गाळ्याचं ठरावीक भाडं ठेवा, विक्रीवर टक्केवारी नको. टक्केवारी आली की विद्यापीठच अडत्या होतं. उरलेला पाला कोण नेणार, पाण्याचा नळ कुठला, पावसात मंडप कोणाचा, हे दोन-तीन ओळींत येऊ द्या.

आणि करारासोबत सुट्ट्यांचं वेळापत्रक जोडा: दिवाळी, मे महिना, परीक्षा, पदवीप्रदान समारंभ. मी पाहिलेल्या एका आवारात बुधवारचा बाजार मंगळवारी संध्याकाळी रद्द झाला, कारण मैदान कार्यक्रमाला दिलं होतं. मेथी महिन्याभरात काढणीला येते, पण एकदा उपटून जुड्या बांधल्या की दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. त्या रात्री एका बाईंनी चारशे जुड्या रस्त्याच्या कडेला दोन रुपयांनी विकल्या. आता तिथल्या करारात एक कलम आहे: बाजार रद्द करायचा तर किमान आठ दिवस आधी लेखी कळवायचं, नाहीतर त्या दिवशीचं आणि पुढच्या आठवड्याचं भाडं माफ.