छुप्या भूमिकांचे ऑनलाइन खेळ : डावपेच आणि बनाव

ज्या सामूहिक खेळात मोजक्या भिडूंना एकमेकांची खरी ओळख ठाऊक असते आणि बाकीच्यांना ती चर्चा व मतदानातून हुडकावी लागते, तो छुप्या भूमिकांचा खेळ. ‘माफिया’ हा त्याचा मूळ नमुना. ‘वेअरवुल्फ’, ‘टाउन ऑफ सेलम’ आणि ‘अमंग अस’ ही पुढची रूपे. आपल्याकडचा चिठ्ठ्यांचा राजा-मंत्री-चोर-शिपाई याच घराण्यातला, पण तिथे मंत्री एकदाच अंदाज करतो, चिठ्ठी उघडते आणि डाव संपतो. चोराला बचाव करावा लागत नाही. माफियात चोराला बोलावे लागते, आणि सगळा खेळ त्या बोलण्यात आहे.

मॉस्को राज्य विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव यांनी 1986 च्या सुमारास माफिया रचला. अमेरिकेत अँड्रू प्लॉटकिन यांनी 1997 मध्ये त्याला माणसांत लपलेल्या लांडग्यांचा साज चढवला आणि तिथून तो इंटरनेटवर पसरला. ‘टाउन ऑफ सेलम’ 2014 मध्ये आला. इनरस्लॉथ या छोट्या अमेरिकी स्टुडिओचा ‘अमंग अस’ जून 2018 मध्ये मोबाइलवर निघाला. दोन वर्षे त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. 2020 मध्ये जग घरात कोंडलेले असताना तो घराघरांत पोहोचला.

मूळ नियम दोन ओळींत सांगता येतात. रात्री माफिया गुपचूप एकाचा बळी घेतात आणि दिवसा जिवंत असलेले सगळे मिळून बहुमताने एकाला बाहेर काढतात. सगळे माफिया गेले तर गाव जिंकते, माफियांची संख्या उरलेल्या गावकऱ्यांइतकी झाली तर माफिया जिंकतात.

सम-विषमाचे गणित

डावपेचांची सुरुवात बोलण्यापासून नव्हे, मोजण्यापासून होते. एकच माफिया आहे, कुणाकडे खास अधिकार नाहीत, डाव दिवसापासून सुरू होतो आणि गाव निव्वळ अंदाजाने मत देते, असे धरू. तीन भिडू असतील तर गाव जिंकण्याची शक्यता 1/3. चार असतील तर ती वाढेल असे वाटते, पण ती 1/4 वर उतरते. चुकीचा माणूस गेला की तीन उरतात, रात्री आणखी एक जातो आणि एकास एक बरोबरी होते. म्हणजे चौथ्या भिडूमुळे गावाला जास्तीचा दिवस मिळतच नाही, फक्त संशयितांत एकाची भर पडते. पाच भिडूंना ही शक्यता 7/15 म्हणजे सुमारे 47 टक्के, सहांना 37.5 टक्के आणि सातांना सुमारे 54 टक्के येते.

यातून निघणारा नियम नवख्यांच्या गळी उतरत नाही, पण तो पक्का आहे : जिवंतांची संख्या सम असेल आणि हाती पुरावा नसेल, तर गावाने त्या दिवशी कुणालाच काढू नये. चार जणांनी मतदान सोडले तर रात्रीनंतर तीन उरतात आणि शक्यता 1/4 वरून 1/3 होते. सहांनी सोडले तर 37.5 वरून 47 टक्क्यांवर जाते. मात्र रात्री एकाला वाचवू शकणारा डॉक्टर डावात असेल आणि त्याचा नेम बरोबर लागला, तर सम-विषमाचा हिशेब पुन्हा फिरतो.

डाव मांडणाऱ्यालाही हे गणित लागते. सात भिडू, त्यांत दोन माफिया आणि एकही अधिकाराची भूमिका नाही, अशी मांडणी केली तर अंदाजाने खेळणारे गाव शंभरांत जेमतेम 23 वेळा जिंकते. त्यामुळे दोन माफिया ठेवायचे असतील तर गावाला किमान एक डिटेक्टिव्ह द्यावा. डिटेक्टिव्ह म्हणजे रोज रात्री एकाची खरी बाजू कळणारा भिडू. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्चानन मोसेल यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे, की डिटेक्टिव्ह नसेल तर दोन्ही बाजूंना सारखी संधी राहण्यासाठी माफियांची संख्या एकूण भिडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असावी लागते. म्हणजे भिडू चौपट केले तर माफिया दुप्पटच करायचे. डिटेक्टिव्ह आला की माफिया गावाच्या ठरावीक हिश्श्याइतके असूनही डाव समतोल राहतो. एका भूमिकेने एवढा फरक पडतो.

अज्ञानाचे सोंग

माफियाचे खरे काम खोटे बोलणे नाही. त्याला माहीत असलेल्या गोष्टी माहीत नसल्यासारखे वागायचे असते, आणि हे खोटे बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. गावकऱ्याला प्रत्येकाचा थोडाथोडा संशय असतो. माफियाला कुणाचाच नसतो, कारण त्याला उत्तर ठाऊक आहे. तो पकडला जातो तो बहुधा या ज्ञानाच्या गळतीमुळे. निर्दोष भिडूबद्दल तो ‘तो असेल असं वाटत नाही’ म्हणण्याऐवजी ‘तो नाहीच आहे’ म्हणून जातो. बाहेर काढलेला भिडू गावकरी निघाला की बाकीचे आपली यादी पुन्हा तपासायला घेतात, तर त्याची यादी होती तशीच राहते. तो प्रश्न विचारतो, पण उत्तरावरून त्याचे मत हलत नाही. कुणी काही म्हणण्याआधीच स्वतःची सफाई देणाऱ्यालाही पाहून ठेवावे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच.

मात्र आवाज कापला, उत्तराला उशीर झाला, एखादा नेहमीपेक्षा गप्प आहे, एवढ्यावर मत देणे धोक्याचे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा माणसे खरे-खोटे ओळखण्यात सरासरी 54 टक्केच बरोबर ठरली. नाणे उडवण्यापेक्षा किंचित बरे. त्यात ऑनलाइन डावात उशीर होण्याला नेटवर्क, स्वयंपाकघरातून आलेली हाक, लहान कीबोर्ड अशी शंभर कारणे असतात. तपासता येते ती विधाने तपासावीत : कुठे होतास, कधी, कुणाबरोबर, कुणाला मत दिलेस आणि का.

लिहून खेळल्या जाणाऱ्या माफियात मतांची यादी हा सर्वांत भरवशाचा कागद, कारण बोलणे फिरवता येते, दिलेल्या मताची नोंद फिरवता येत नाही. नऊ जिवंत असतील तर बहुमताला पाच मते लागतात. समजा एक माफिया सहा मतांनी बाहेर गेला. पहिली दोन मते बहुधा प्रामाणिक संशयाची असतात. तिसरे आणि चौथे निर्णायक, कारण त्या क्षणी वारा कुठे वाहणार हे ठरलेले नसते. पाचवे आणि सहावे पडले तेव्हा त्याचे जाणे जवळजवळ नक्की झालेले होते. साथीदार बहुतेक वेळा इथेच सापडतो : वाचवता येत नाही असे दिसल्यावर तो चटकन आपले मत टाकतो, म्हणजे उद्या ‘मीही त्याला मत दिलं होतं’ म्हणता येते. म्हणून पहिला माफिया गेला की मतांची यादी मागून पुढे वाचायची.

मुरलेला माफिया हे जाणतो आणि साथीदाराचा बळी पहिल्याच मताने देतो. त्यातून मिळणारा विश्वास दोन-तीन दिवस टिकतो, पण दोन माफियांच्या डावात ही निम्मी फौज गमावणे आहे. साथीदार तसाही वाचणार नसेल तरच हा सौदा परवडतो. ‘तो माफिया असता तर असं उघड वागला असता का?’ हा युक्तिवाद मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच चालतो. ‘नसता’ म्हणावे, तर तसे म्हटले जाईल हे ओळखून तो मुद्दाम उघड वागलेला असू शकतो. या भोवऱ्यात चर्चेचा तास जातो आणि हाती काही लागत नाही.

दावे आणि प्रतिदावे

‘मी डिटेक्टिव्ह आहे, आणि अमुक माफिया आहे’ हा दावा कधी करावा? माफिया सापडला असेल तर त्याच दिवशी. रात्री डिटेक्टिव्ह मारला गेला तर माहितीही त्याच्याबरोबर जाते. तपासलेला भिडू निर्दोष निघाला असेल तर सहसा गप्प राहावे, कारण तेवढ्यासाठी स्वतःला उघडे पाडणे महाग पडते. ‘टाउन ऑफ सेलम’मध्ये प्रत्येकाला मृत्युपत्र लिहून ठेवता येते आणि मेल्यावर ते सगळ्यांना दिसते. त्यात रोज रात्री कुणाला तपासले आणि काय निघाले हे ओळीने लिहावे. ते शेवटच्या दिवसापर्यंत टाळणाऱ्याचे मृत्युपत्र कोरे सापडते. माफियालाही खोटे मृत्युपत्र लिहावे लागते, तेही पहिल्या रात्रीपासून. मागून रचलेल्या नोंदी त्या-त्या रात्री प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींशी जुळत नाहीत.

डावात एकच डिटेक्टिव्ह असताना दोघांनी तो दावा केला, तर दोघांपैकी एक नक्की खोटा. सात जिवंत आणि त्यांत दोन माफिया असताना असा प्रतिदावा माफियाला परवडत नाही. गावाने चुकून खऱ्याला काढले, तरी रात्रीनंतर तीन गावकरी आणि दोन माफिया उरतात. दुसऱ्या दिवशी खोटा जातो आणि डाव चालू राहतो. हाच दावा पाच जिवंत असताना केला तर गोष्ट वेगळी : एक चुकीचे मतदान, आणि दोनास दोन होऊन डाव तिथेच संपतो. खोटा दावा राखून ठेवायचा तो या दिवसासाठी. गावाच्या बाजूने हेच उलटे वाचावे आणि डिटेक्टिव्हने शक्यतो पाच उरण्याआधी तोंड उघडावे.

‘अमंग अस’मधील जागा आणि वेळ

इथे माफियाला इम्पोस्टर म्हणतात, गावकऱ्यांना क्रूमेट. क्रूमेटना टास्क, म्हणजे नेमून दिलेली छोटी कामे, असतात आणि ती सगळी पूर्ण झाली तरी क्रूमेट जिंकतात, त्यामुळे मतदान सोडून वेळ काढणे इथे आणखी फायद्याचे. पुरावा शब्दांत कमी आणि नकाशावर जास्त असतो. ‘स्केल्ड’ या पहिल्या नकाशावरचा एक प्रसंग जवळून पाहू.

इलेक्ट्रिकल ही खोली आडबाजूला आहे, दार एकच, आत कॅमेरा नाही. तिथला व्हेंट, म्हणजे इम्पोस्टरला लपून ये-जा करता येणारी हवेची नळी, मेडबे आणि सिक्युरिटी या दोन खोल्यांत निघतो. इम्पोस्टर इलेक्ट्रिकलमध्ये एकाला मारतो, व्हेंटमध्ये शिरतो आणि क्षणात मेडबेत उभा राहतो. पायी हेच अंतर लांबचा वळसा घालून जावे लागते, म्हणून बनाव भक्कम वाटतो : ‘मी मेडबेत होतो, तिकडून इतक्या लवकर कसा येईन?’ तो तीन ठिकाणी उसवतो. मेडबेबाहेरच्या बोळात कॅमेरा आहे. सिक्युरिटीत बसलेल्याने या भिडूला आत जाताना पाहिले नाही आणि बाहेर येताना पाहिले, तर व्हेंटशिवाय दुसरे स्पष्टीकरण उरत नाही. ॲडमिनमधल्या टेबलावर कोणत्या खोलीत किती जण हे दिसते, नावे दिसत नाहीत. इलेक्ट्रिकलमधला आकडा एकाने घटून मेडबेत लगेच एक वाढला, तर तेही पुरेसे बोलके. तिसरी चूक बोलण्यातली : मेडबेत काय करत होतास या प्रश्नाला ‘स्कॅन’ असे उत्तर दिले, की ‘पुन्हा करून दाखव’ अशी मागणी येते. दिसणारे टास्क चालू असतील तर स्कॅनचा हिरवा प्रकाश सगळ्यांना दिसतो आणि इम्पोस्टरला तो पाडता येत नाही. त्याने मेडबेतलेच नमुने तपासण्याचे, बाहेरून काही न दिसणारे काम सांगावे.

कार्ड स्वाइप आणि वायरिंग ही समाईक कामे. एका डावात ती एक तर सगळ्या क्रूमेटना मिळतात, नाही तर कुणालाच नाही. कुणालाच कार्ड नसताना ॲडमिनमध्ये कार्ड ओढल्याचे सोंग करणारा तिथल्या तिथे सापडतो. म्हणून इम्पोस्टरने सुरुवातीचा अर्धा मिनिट इतर कुठे थांबतात ते पाहावे आणि मगच सोंगाची जागा निवडावी. सगळ्यांची मिळून किती कामे झाली हे दाखवणारी टास्कपट्टी सतत दिसत असेल तर तिच्यावरही डोळा ठेवावा. समोरचा काम संपवून निघाला आणि पट्टी हलली नाही, तर संशयाला जागा आहे. मात्र अनेक टप्प्यांच्या कामात ती शेवटच्या टप्प्यालाच वाढते. डाउनलोड करून निघालेल्यावर यावरून आरोप करणे ही नेहमीची चूक, आणि तिने निरपराध माणसे बाहेर गेली आहेत.

दिवे घालवणे हे इम्पोस्टरचे सर्वांत उपयोगी हत्यार. क्रूमेटची नजर आखडते, इम्पोस्टरची जशीच्या तशी राहते. घोळक्यात दिवे गेले की कुणी मारले हे शेजारी उभ्या असलेल्यालाही सांगता येत नाही. रिॲक्टर बिघडवला की दोघांना दोन टोकांना हात ठेवून उभे राहावे लागते आणि बिघाड दुरुस्त होईपर्यंत मीटिंग बोलावण्याचे आणीबाणीचे बटण चालत नाही. दोन इम्पोस्टर आणि चार क्रूमेट उरले असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेक मारायचा : दोनास दोन, डाव संपला. क्रूमेटनी सहा उरताच जोडीने फिरणे सोडून एका घोळक्यात राहावे, ते यासाठी.

एकाला स्वतःच मारून त्याचा मृतदेह स्वतःच रिपोर्ट करणे ही जुनी चाल अजून चालते, पण एका डावात एकदाच. रिपोर्ट करणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कुठे सापडला’ हा असतो. दुसरा ‘वाटेत कोण भेटले’ हा विचारावा. बनाव रचणारा जागेचे उत्तर तयार ठेवतो, वाटेचे सहसा ठेवत नाही.

खेळाबाहेरची लबाडी

डावातले खोटे हा डावाचा भाग. बाहेरचे खोटे आणि बाहेरचे खरे, दोन्हींनी डाव मोडतो. मेलेल्या भिडूने वेगळ्या ग्रुपवर मारणाऱ्याचे नाव सांगणे, दुसऱ्याच्या पडद्यावर डोकावणे, डावाचे थेट प्रक्षेपण पाहून खेळणे यांना कुठेच मुभा नसते. आवाजावर खेळताना मीटिंग सोडून सगळ्यांचे माइक बंद ठेवावेत आणि मेलेल्यांचे डाव संपेपर्यंत. मित्रमंडळींच्या डावात ‘आईशप्पथ, मी नाही’ यावर आधीच बंदी घालावी. एकाने खरी शपथ घेतली की न घेणारा आपोआप गुन्हेगार ठरतो, आणि ज्याच्या वाट्याला माफियाची भूमिका आली आहे त्याला खेळणेच अशक्य होते. खरी भूमिका दाखवणारा स्क्रीनशॉट पाठवणे यालाही तीच बंदी लागू करावी. तो प्रामाणिकपणे पाठवलेला असला, तरी पाठवणाऱ्याला त्या डावातून बाद धरावे.