कॉन्फरन्ससाठी अर्ज करताय? ॲबस्ट्रॅक्ट नंतर, आधी सह्या

कॉल फॉर पेपर्स, म्हणजे कॉन्फरन्ससाठी पेपर पाठवा असं आयोजकांचं आवाहन, आला रे आला की विद्यार्थी सगळ्यात आधी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, लिहायला बसतात. ॲबस्ट्रॅक्ट असतं अडीचशे-तीनशे शब्दांचं, मनावर घेतलं तर दोन दिवसांत होतं. गाडी अडते ती सह्यांपाशी. गाइडची परवानगी, को-ऑथर्सची संमती, एथिक्स कमिटीचं (संशोधन नैतिक नियमांत बसतं का ते बघणाऱ्या समितीचं) पत्र, यातलं काहीच आपल्या हातात नसतं, समोरच्याच्या सवडीने मिळतं, म्हणून मी तरी सगळ्यांना सांगते की उलटीकडून सुरुवात करा.

पण त्याच्याही आधी पात्रता बघा. विद्यार्थ्यांसाठीच्या कॉन्फरन्समध्ये बहुतेक ठिकाणी अट एवढीच असते की तुम्ही सध्या कुठेतरी प्रवेश घेतलेले विद्यार्थी असायला हवं, काही ठिकाणी नुकतीच पदवी झालेली असेल तरी चालतं. फक्त पदवीच्या पोरांसाठीच्या वेगळ्या कॉन्फरन्सही असतात, अमेरिकेतली एनसीयूआर १९८७ पासून आणि ब्रिटनमधली बीसीयूआर २०११ पासून चालू आहे, तिथे पीएचडीवाल्यांनी उगाच फॉर्म भरत बसू नये. दुसरं म्हणजे काम कुठवर आलेलं हवं ते नीट वाचा. काहींना निकाल हातात आलेले लागतात, काहींना चालू काम चालतं, पण तसं स्पष्ट लिहावं लागतं. हेच काम जर्नलमध्ये छापून आलं असेल तर बरेच जण घेत नाहीत, कॉलेजात त्या कामाचं पोस्टर लावलं होतं एवढ्याने सहसा काही बिघडत नाही, तरी फॉर्ममध्ये विचारलंय तर सांगून टाका, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता एथिक्स. इथे सगळ्यात जास्त पोरं आपटतात कारण त्यांना वाटतं हे मेडिकलवाल्यांचं झंझट आहे. वर्गातल्या मित्रांकडून गूगल फॉर्म भरून घेतलात, कोणाची मुलाखत रेकॉर्ड केलीत, तरी तो माणसांकडून घेतलेला डेटाच झाला. मंजुरी डेटा गोळा करायच्या आधी घ्यायची असते, नंतर मागून सहसा कोणी देत नाही. आणि आपल्या अभ्यासाला मंजुरीची गरज नाही हेही आपलं आपण ठरवायचं नसतं, ते कमिटीने ठरवायचं आणि त्याचं पत्र द्यायचं, त्या पत्रावर नंबर असतो, तोच फॉर्ममध्ये टाकायचा. माणसं किंवा प्राणी यांचा संबंधच नसेल तर तिथे लागू नाही असं लिहा, रकाना रिकामा सोडू नका.

को-ऑथर कोण आणि कोण नाही हे ॲबस्ट्रॅक्टच्या आधी मिटवा. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या समितीचे, आयसीएमजेईचे, चार निकष आहेत आणि बाकीच्या विषयांतही ते कामाला येतात: कामात ठोस वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, शेवटच्या मसुद्याला होकार आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. नुसती लॅब वापरू दिली म्हणून नाव घालायचं नसतं, त्यांचे आभार माना. चॅटजीपीटी लेखक होऊ शकत नाही, कारण जबाबदारी घेणार कोण? वापरलं असेल आणि आयोजकांनी विचारलं असेल तर कुठे वापरलं ते मात्र सांगा.

माझं स्वतःचं एक सबमिशन असंच गेलं. पोर्टलवर मी सगळं भरलं, फाइल टाकली, निवांत झोपले. त्या पोर्टलवर प्रत्येक को-ऑथरला संमतीची लिंक जायची, आणि आमच्यातली एक जण पास आउट होऊन गेलेली, तिचा कॉलेजचा मेल आयडी बंद झालेला. लिंक गेली बंद पडलेल्या इनबॉक्समध्ये, स्टेटस राहिलं 'अपूर्ण', आणि मला कळलं डेडलाइन संपल्यावर. तेव्हापासून मी को-ऑथर्सचे पर्सनल मेल आधीच मागून ठेवते आणि सबमिट केल्यावर स्टेटस पुन्हा जाऊन बघते.

शोध पेटंट होण्यासारखा असेल तर थांबा, आधी गाइडशी आणि विद्यापीठाच्या पेटंट बघणाऱ्या ऑफिसशी बोला. एकदा जाहीर मांडलं की नावीन्य गेलं असं धरतात. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, युरोपात जवळपास नाहीच, आणि छापलेलं ॲबस्ट्रॅक्टसुद्धा जाहीर करण्यातच मोडतं.

ॲबस्ट्रॅक्टबद्दल एकच सांगते. 'निष्कर्ष सविस्तर मांडले जातील' हे वाक्य दिसलं की रिव्ह्यूअर, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट तपासणारा, समजतो यांच्याकडे निष्कर्ष नाहीत. त्याऐवजी आकडा द्या, समजा '६४ पैकी ४१ जणांनी दुसऱ्या आठवड्यात ॲप उघडणं बंद केलं', एवढ्याने काम होतं. रिव्ह्यू ब्लाइंड असेल, म्हणजे लेखक कोण ते रिव्ह्यूअरला कळू द्यायचं नसेल, तर वरचं नाव काढलं की झालं असं नाही, पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून तुमचं नाव बऱ्याचदा तसंच बसलेलं असतं, तेही काढा.

अर्जासोबत साधारण लागतं ते असं: चालू वर्षाचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड, गाइडचं पत्र किंवा त्यांच्या मेलवरून होकार, थोडक्यात ओळख, आणि कुठे कुठे ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, तो १६ अंकी असतो आणि फुकट मिळतो. फॉर्ममध्ये प्रेझेंटिंग ऑथर म्हणून जो खरंच जाणार आहे त्याचंच नाव टिक करा, नंतर बदलायला मेलामेली करावी लागते. डेडलाइनपुढे एओई (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिहिलं असेल तर पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत वेळ आहे, म्हणजे यूटीसीच्या, जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास मागचं घड्याळ. लिहिलं नसेल तर आयोजकांची स्थानिक वेळ धरा, आणि खरं तर आदल्या दिवशीच टाका.

निवड झाल्यावर रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, बऱ्याच ठिकाणी निदान एका ऑथरने तरी ते केलं नाही तर पेपर कार्यक्रमातून काढतात. ट्रॅव्हल ग्रँटचा, म्हणजे प्रवासखर्चाच्या मदतीचा, फॉर्म मात्र बऱ्याचदा ॲबस्ट्रॅक्टबरोबरच भरायचा असतो, निवड झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची ती हुकते. व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागत असेल तर पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच नाव कळवा. पोस्टर बऱ्याच ठिकाणी ए-झीरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण उभं की आडवं ते विचारल्याशिवाय प्रिंटला देऊ नका.

आणि हो, सेकंड इयरच्या पोराला 'आदरणीय प्राध्यापक महोदय' म्हणून मेल आला, दोन दिवसांत पेपर स्वीकारला आणि लगेच फी मागितली, तर ती कॉन्फरन्स नाही, दुकान आहे. 'थिंक, चेक, अटेंड' नावाची चेकलिस्ट ऑनलाइन आहे, ती आणि गाइड, दोघांना विचारून मगच पैसे भरा.

जाणं जमत नसेल तर मेल करून माघार घ्या, न सांगता गैरहजर राहिलात तर काही ठिकाणी ॲबस्ट्रॅक्ट संग्रहातून काढतात. गेलात तर सेशन चेअरकडे, म्हणजे सत्राच्या अध्यक्षांकडे, हजेरी लावा, प्रेझेंट केल्याचं सर्टिफिकेट बऱ्याच ठिकाणी त्या हजेरीवरूनच निघतं, आणि त्यावर नावाचं आणि शीर्षकाचं स्पेलिंग डेस्कवर उभ्या उभ्याच तपासून घ्या.