संशयास्पद रोख भरण्याचा अहवाल

बँकेत भरलेली किंवा भरू पाहिलेली रोख रक्कम ग्राहकाच्या धंद्याशी, उत्पन्नाशी वा खात्यावरील नेहमीच्या उलाढालीशी जुळत नसल्यास बँकेने सरकारी यंत्रणेला पाठवायचा गोपनीय अहवाल. भारतात तो केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतील एफआययू-इंडिया या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाकडे जातो. बँकेत त्याला सगळे एसटीआर (सस्पिशस ट्रान्झॅक्शन रिपोर्ट) म्हणतात. ठरावीक रकमेवरील रोख व्यवहारांचा मासिक अहवाल, म्हणजे सीटीआर, याहून निराळा; पण दोहोंची गल्लत वारंवार होते. सीटीआर आकडा ओलांडला की जातोच. एसटीआर मात्र कोणीतरी विचार करून ठरवल्याशिवाय जात नाही.

उगम : अमेरिकेतील १९७० च्या बँक सिक्रसी अ‍ॅक्टपासून या पद्धतीची सुरुवात सांगण्याचा प्रघात आहे. दहा हजार डॉलरांवरील रोख व्यवहार कळवण्याची सक्ती त्या कायद्याखाली आली आणि १९७४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास अमेरिकी अर्थखात्याने ग्राहकाच्या रीतसर धंद्याच्या मानाने असाधारण वाटणारे मोठे रोख व्यवहार कळवण्यास बँकांना सांगितले होते. काही अभ्यासक उगम तेथे मानतात. मर्यादेचा इतिहास पाहायचा तर १९७० हे वर्ष योग्यच. पण संशयाचा इतिहास पाहताना हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ‘या ग्राहकाला एवढी रोकड शोभते का’ हा आजचा मूळ प्रश्न त्यात आधीच आलेला दिसतो. दहा हजारांची मर्यादा जाहीर झाल्यावर लोक रक्कम फोडून निरनिराळ्या शाखांत भरू लागले. असे तुकडे पाडणे १९८६ मध्ये स्वतंत्र गुन्हा ठरले. १९९२ च्या कायद्याने संशयाच्या अहवालाला आधार दिला आणि १९९६ पासून त्याचा एकच नमुना लागू झाला.

इंग्लंडमधील वाट वेगळी. तेथे ग्राहकाची गुप्तता राखण्याचे बँकेचे कर्तव्य १९२४ च्या टूर्निए खटल्यात मांडले गेले. कायद्याची सक्ती आणि सार्वजनिक कर्तव्य हे अपवादही त्याच निकालात आले. अहवालाची जबाबदारी पुढे या अपवादांच्या आधाराने उभी राहिली. गुन्ह्याचा पैसा वैध भासवणे, म्हणजे मनी लाँडरिंग, रोखण्यासाठी १९८९ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाच्या १९९० च्या शिफारशींत बँकांना असा अहवाल देण्याची ‘मुभा किंवा सक्ती’ असावी असे म्हटले होते. १९९६ च्या सुधारणेत मुभा गेली, सक्ती उरली.

भारतातील रचना : एफआययू-इंडियाची स्थापना १८ नोव्हेंबर २००४ रोजी झाली. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा असला, तरी तो आणि त्याखालील नोंदी ठेवण्याचे नियम १ जुलै २००५ पासून अमलात आले. दहा लाख रुपयांहून अधिक रकमेचा प्रत्येक रोख व्यवहार, तसेच महिन्याभरातील परस्परांशी निगडित अशा लहान रोख व्यवहारांची बेरीज दहा लाखांवर गेल्यास ती मालिका, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत सीटीआरमध्ये कळवायची असते.

‘निगडित’ या शब्दाने शाखांना बरेच छळले. रिझर्व्ह बँकेने आपल्या परिपत्रकात त्याचा खुलासा एका उदाहरणाने केला. एका खात्यातून एप्रिल २००८ मध्ये २ तारखेला ५ लाख, ७ तारखेला ४० हजार आणि ८ तारखेला ४ लाख ७० हजार रुपये रोख काढले गेले. एकूण १० लाख १० हजार. त्याच दिवसांत अनुक्रमे ३, २ आणि १ लाख, म्हणजे ६ लाख रुपये भरले गेले. भरणा आणि उचल यांची बेरीज स्वतंत्र करायची असल्याने भरणा सुटला, उचल अहवालात गेली. त्यातही ४० हजारांची नोंद वगळायची, कारण ५० हजारांखालील व्यवहारांचा तपशील द्यावा लागत नाही. बेरजेत मात्र ते धरले जातात.

एसटीआरला असा हिशेब नाही. नियमांतील व्याख्येनुसार सद्भावनेने वागणाऱ्या व्यक्तीला एखादा व्यवहार अनुसूचित, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतील, गुन्ह्यातील पैशाचा असल्याचा वाजवी संशय आला, तो विनाकारण गुंतागुंतीचा दिसला, त्याला आर्थिक प्रयोजन वा प्रामाणिक हेतू दिसला नाही, किंवा दहशतवादाला पैसा पुरवण्याशी त्याचा संबंध असावा असे वाटले, तर तो संशयास्पद. रक्कम कितीही असो. फसलेला प्रयत्नही यात येतो : कागदपत्र मागताच ग्राहक नोटा उचलून निघून गेला, तरी अहवाल द्यायचा.

संशय म्हणजे नेमके किती? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००६ च्या दा सिल्वा खटल्यात निव्वळ काल्पनिक नसलेली शक्यता पुरे मानली. नुसती मनाची अस्वस्थता मात्र पुरेशी नाही असे म्हटले. भारतीय व्याख्येत ‘वाजवी आधार’ हे शब्द असल्याने येथे कसोटी अधिक वस्तुनिष्ठ धरावी लागते. रोखपालाला काय वाटले एवढ्यावर भागत नाही. का वाटले, हे लिहिता आले पाहिजे.

काउंटरवरील निर्णय : दिवसाला ५० हजारांवरील रोख भरण्यास पॅन लागण्याच्या नियमामुळे ४९ हजारांचे भरणे ही सर्वांत परिचित खूण ठरली. पण ती एकटी फारसे काही सांगत नाही. किराणा दुकानदाराचा रोजचा गल्लाही तेवढा असू शकतो. महिना पंधरा हजार पगार जमा होणाऱ्या खात्यात तीन दिवस, तीन गावांच्या शाखांतून, भरणा स्लिपवर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत ४९ हजार येतात आणि चौथ्या दिवशी सगळे दुसऱ्या खात्यात वळतात, तेव्हा चित्र बदलते.

महाराष्ट्रात बाजार समितीजवळच्या शाखांना याचा अनुभव रोज येतो. हंगामात तेथे रोकड असणारच. त्या नोटांकडे संशयाने पाहणे शेतकऱ्यावर अन्याय आहे. ‘कांद्याचे पैसे’ असे सांगणाऱ्याकडे आडत्याची हिशेबपट्टी असते, सातबाऱ्यावर पीक असते. क्षेत्र वीस गुंठे आणि भरणा तीस लाख, असे असेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘जमिनीचे पैसे आले’ हे उत्तरही तपासून घ्यावे लागते. एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रुपये रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी घातल्याने तो खुलासाच नवा प्रश्न उभा करतो.

येथे एक मतभेद आहे. साधी आयकर चुकवेगिरी मनी लाँडरिंग कायद्याच्या अनुसूचीत नाही. मग फक्त कर चुकवल्याचा वास आला तर एसटीआर द्यावा का? संकुचित मत नकारार्थी आहे. परंतु व्याख्येतील आर्थिक प्रयोजनाचे कलम अनुसूचीवर अवलंबून नाही आणि पैसा कोणत्या गुन्ह्याचा हे शोधण्याचे काम बँकेचे नाही. त्यामुळे अहवाल द्यावा हेच मत नियमाच्या शब्दांना धरून वाटते.

मुदत : नियमांत बराच काळ ‘व्यवहार संशयास्पद असल्याची खात्री झाल्यापासून सात कामकाजाचे दिवस’ अशी मुदत होती. घड्याळ व्यवहाराच्या दिवशी सुरू न होता प्रिन्सिपल ऑफिसरच्या, म्हणजे बँकेतर्फे हे अहवाल पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खात्रीपासून सुरू होते, ही यातील फट. ‘अजून तपासतो आहोत’ म्हणत फाइल महिनोन्‌महिने पडू शकते. शाखेकडून माहिती आल्यावर निष्कर्षाला अवाजवी विलंब होऊ नये आणि त्या निष्कर्षाची कारणे लिहून ठेवावीत, असे रिझर्व्ह बँकेने म्हणूनच बजावले आहे. अमेरिकेत सुगावा लागल्यापासून ३० दिवस, संशयित अज्ञात असल्यास ६० दिवस मिळतात. अहवाल दिल्याचे ग्राहकाला कळू द्यायचे नसते आणि एसटीआर दिला म्हणून खाते गोठवायचेही नसते. सद्भावनेने माहिती देणाऱ्या बँकेला कायद्याचे संरक्षण आहे.

दंडाच्या भीतीने बँका सगळेच कळवू लागल्या तर उपयोगी अहवाल ढिगाखाली दबतात, हे अर्थतज्ज्ञ एलोद ताकाच यांनी ‘लांडगा आला’च्या गोष्टीचा दाखला घेऊन दाखवले. उलट बाजूचा धडा ऑस्ट्रेलियाचा. तेथे कॉमनवेल्थ बँकेच्या भरणा यंत्रांत कोणीही एका वेळी वीस हजार डॉलरपर्यंत रोकड टाकू शकत असे. संगणक प्रणालीतील चुकीमुळे दहा हजार व त्यावरील भरण्यांचे ५३,५०६ अहवाल वेळेत गेले नाहीत, शिवाय संशयास्पद व्यवहारांचे अहवाल देण्यातही कसूर झाली. २०१८ मध्ये बँकेला ७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड भरावा लागला. त्या यंत्रांपुढे पैसे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ‘हे कुठून आणले’ असे विचारायला काउंटरच्या पलीकडे कोणी नव्हते.