भाकरीतलं लोह आणि जेवणानंतरचा चहा

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या एका शेतात बाया दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडून बसल्या होत्या. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथीची भाजी, कांदा. किती चांगलं जेवण! पण शेवटचा घास गिळताच थर्मासातला चहा निघाला. "जेवल्यावर घोटभर च्या पाह्यजेच," त्यांतली एक म्हणाली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तेल, मीठ, साखर कमी करा, हे त्यात आहेच. मला सर्वांत मोलाचा वाटला तो एक छोटा सल्ला: जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण त्यानं जेवणातलं लोह अंगी कमी लागतं.

धान्य-डाळींतलं लोह बहुतेक 'फेरिक' रूपात असतं, म्हणजे त्यावर तीन धन प्रभार. आतड्याच्या पेशीवरचं वाहक प्रथिन मात्र दोन प्रभारांचं 'फेरस' लोहच आत घेतं. म्हणून पेशीच्या काठावरचं एक विकर (एन्झाइम) फेरिकला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचं फेरस करतं. चहातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, इथेच आडवी येतात. त्यांच्या रेणूवर शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असतात. खेकड्यानं नांगीत धरावं तसं ते लोहाला पकडतात, आणि ही जोडगोळी आतड्यातून शोषली जात नाही. हिरड्याच्या काढ्यात लोखंडी खिळे भिजत ठेवा, पाणी काळंभोर होईल. जुन्या काळी शाई अशीच करत. रसायन तेच.

लिंबाचं काम नेमकं उलटं. त्यातलं क जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं आणि लोह विरघळलेलं ठेवतं. उकळत्या वरणात ते बरंचसं नासतं, म्हणून फोड ताटात पिळायची.

बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, हा निव्वळ रंगाचा भ्रम आहे. त्याचा लाल रंग बीटालेनचा, लोहाचा नव्हे. 'रक्तवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी रक्त तपासा. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यातला रक्तक्षय लाल पेशी लवकर फुटल्यानं होतो, तिथे लोहाची गोळी मनानं घेऊ नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चहा हे त्याचं एकमेव कारण नाही. पण धुऱ्यावरच्या त्या बायांना मी एवढंच सांगितलं, की थर्मास तीन वाजता उघडा, आणि शिदोरीत लिंबू बांधून आणा. लिंबाचं झाड त्याच शेताच्या विहिरीजवळ होतं.