मायकोप्लाझ्मा: भिंत नाही, नावं मात्र दोन-दोन

गुरांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहाचा जंतू १८९८मध्ये फ्रान्समध्ये वाढवला गेला. पुढे कित्येक वर्षं त्याच्या जातकुळीच्या, म्हणजे पेशीभिंत नसलेल्या मायकोप्लाझ्मा गटाच्या, सगळ्याच जंतूंना ‘पीपीएलओ’, म्हणजे ‘त्या फुप्फुसदाहाच्या जंतूसारखे’, एवढंच म्हणत.

माणसाच्या न्यूमोनियातला जंतू १९४४मध्ये हाती लागला. तो बारीक गाळणीतून पार व्हायचा, म्हणून त्याला विषाणू ठरवून टाकलं. १९६२मध्ये तो जिवंत पेशींशिवाय, नुसत्या अगारवर (जेलीसारख्या पोषक माध्यमावर) वाढला. विषाणूला ते जमत नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. रूढ झालेलं माध्यम असं: ७ भाग ब्रॉथ (पोषक द्रव), २ भाग घोड्याचा सीरम, १ भाग ताज्या यीस्टचा २५ टक्के अर्क. सीरम लागतो कोलेस्टेरॉलसाठी. भिंत नसलेल्या पटलाला तोच आधार. त्यात पेनिसिलिनही घालतात. ते भिंतीवर घाव घालतं, म्हणून बाकीचे जंतू मरतात, याचं काही बिघडत नाही. ब्रॉथ गढूळ होत नाही, फक्त त्यात घातलेला रंग लालचा पिवळा होतो, तेही दोन-तीन आठवड्यांनी. एका रात्रीत पिवळा झाला, तर दुसराच जंतू शिरलाय असं समजावं.

खरा घोळ २०१८चा. जनुकांवरून पाहता न्यूमोनियाचा जंतू गुरांच्या जंतूपासून बराच दूरचा निघाला. नियमानुसार ‘मायकोप्लाझ्मा’ हे प्रजातीनाम गुरांच्या जंतूकडेच राहणार, कारण तो नमुना-जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती जाती. मग माणसातल्यांना घर बदलावं लागलं: न्यूमोनी (न्यूमोनियाचा जंतू) आणि जेनिटॅलियम ‘मायकोप्लाझ्मॉइडिस’मध्ये, होमिनिस ‘मेटामायकोप्लाझ्मा’त. या गटाच्या जाणकारांनी नवी नावं रद्द करण्याची मागणी केली. २०२२मध्ये ती फेटाळली गेली. पण वैध नाव म्हणजे सक्तीचं नाव नव्हे, जुनंही तितकंच वैध आहे. वंशावळीच्या दृष्टीने बदल बरोबर असेलही. औषध लिहिणाऱ्याचा मात्र त्याने काडीचाही फायदा झाला नाही.

उलट शोधाशोध वाढली. मॅक्रोलाइडला (अझिथ्रोमायसिनच्या गटातल्या प्रतिजैविकांना) न जुमानणारे न्यूमोनी २००० नंतर जपानमध्ये आणि मग चीनमध्ये फोफावले. अझिथ्रोमायसिन निकामी करणारा २३एस आरएनएतला (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका घटकातला) बदल या जंतूच्या क्रमांकांत २०६३वर, तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या क्रमांकांत २०५८वर. जागा तीच. जनुकांच्या डेटाबेसात नवं नाव, बऱ्याच किटवर आणि रिपोर्टवर जुनं. शोधताना दोन्ही नावं आणि दोन्ही आकडे टाकावेत, नाहीतर निम्मे निबंध हुकतात.